पिशवीवर लिहिलेली जागा

सोविंका गावातली माणसं देवाला सगळं सांगत, फादर एमिलना बरंचसं सांगत, आणि अळंबी कुठे मिळाली ते मात्र कोणालाच सांगत नसत. सख्खा भाऊ भावाला सांगत नसे. पहाटे टोपली घेऊन निघायचं ते मुद्दाम उलट्या दिशेने, पुलापर्यंत जायचं, मागे कोणी नाही ना हे बघायचं आणि मग ओढ्यातून वळसा घालून आपल्या जागेकडे चढायचं. परतताना कोणी विचारलं, "कुठे मिळाली एवढी?" तर उत्तर ठरलेलं. "रानात." विचारणाराही एवढ्यावर समाधान मानून पुढे जायचा, कारण उद्या त्यालाही हेच उत्तर द्यायचं असे.

फेदोर हावरिलाची जागा जुन्या भट्टीच्या मागच्या उतरणीवर होती. आजोबा-पणजोबांच्या काळात तिथे दगड भाजून पारा काढत. आता अर्धी पडलेली चिमणी, काळ्या मातीचा ढीग आणि त्यावर दाट वाढलेली स्प्रूसची झाडं एवढंच उरलं होतं. तिथे काही चांगलं उगवत नाही असं सगळे म्हणत, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. फेदोरच्या बापाचे गुडघे गेले तेव्हा त्याने एका सकाळी मुलाचा खांदा धरून ही जागा दाखवली होती. जाड पांढऱ्या देठाचे, तपकिरी टोपीचे ह्रीब, एकेक हाताच्या पंजाएवढा, चांदीच्या डब्यात ठेवल्यासारखे शेवाळात बसलेले. बाप म्हणाला होता, "हे तुझं. तोंड बंद ठेव." त्याला आता पस्तीस वर्षं झाली. फेदोरचं तोंड तेवढ्या एका बाबतीत बंद होतं.

बाकी त्याचं तोंड गावासाठी उघडं असे. सोविंकाच्या चर्चमध्ये वाद्य नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत सगळी उपासना गळ्याने गायची, आणि सूर उचलून देणारा माणूस म्हणजे द्याक. फेदोर गावाचा द्याक होता. तो सूर लावायचा आणि मागून, खांबाजवळच्या जागेवरून, पारास्का मावशीचा दुसरा सूर यायचा, त्याच्या सुराला खालून हात देणारा. म्हातारी अठ्ठ्याहत्तरची, एक पाय अधू, पण त्या सुरात कंप नव्हता. फेदोर कधीकधी म्हणायचा, मी गातो ते लोकांना ऐकू जातं, पण देवाला ऐकू जातं ते मावशीमुळे.

ही पारास्का मावशी एकटीच राहायची. तिची जागा मात्र गुप्त नव्हती. लंगड्या पायाने ती फार लांब जाऊ शकत नसे, म्हणून चर्चच्या वरच्या बाजूला, संत वर्वराच्या कुरणाच्या कडेला, बर्चच्या झाडांखाली ती काठीने पानं उलटत बसलेली सगळ्या गावाला दिसायची. तिची ती जागा म्हणून तिथे दुसरं कोणी जात नसे. जमवलेली अळंबी ती चिरून दोऱ्यात ओवायची, चुलीवर टांगून वाळवायची, आणि नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायच्या सुमाराला घरोघरी एकेक माळ जायची. उपासात मांस नाही, दूध नाही. अळंब्यांवरच दिवस काढायचे. ज्यांच्या घरात स्वतःची पोतंभर अळंबी होती तेही नाताळच्या आदल्या संध्याकाळी माचांका, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पाण्यातली अळंब्यांची आमटी, पारास्का मावशीच्या माळेचीच करत. तसं केल्याशिवाय सण वाटत नसे.

त्या सप्टेंबरात कोशित्से शहरातून द्राहोमीरा नावाची मुलगी आली. रसायनशास्त्र शिकलेली, केस आखूड, बूट चिखलाने भरलेले. तिने चर्चच्या सभागृहात घरटी एक कागदी पिशवी वाटली.

"तुमच्या डोंगरात धातू आहेत. पारा, तांबं, कॅडमियम," ती म्हणाली. "अळंबं मातीतून ते ओढून घेतं. किती घेतं ते मला मोजायचंय. मूठभर वाळलेली अळंबी घाला आणि पिशवीवर तीन गोष्टी लिहा. कुठलं अळंबं, कधी काढलं आणि कुठे काढलं."

शेवटच्या शब्दाला सभागृहात अशी शांतता पसरली की फादर एमिल खोकले.

पारास्का मावशीने पिशवी घेतलीच नाही. "पोरी, मी सत्तर वर्षं खातेय. माझ्याकडे बघ आणि लिही काय लिहायचंय ते."

घरी येऊन फेदोरने आपल्या उत्तम ह्रीबांमधले दहा तुकडे पिशवीत घातले. नाव लिहिलं. तारीख लिहिली. मग पेन हातात धरून बसला. जुनी भट्टी असं लिहायला हात उठेना. कोणी विचारलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं, तरी उठेना. शेवटी त्याने जी जागा सगळ्या गावाला ठाऊक होती, जी लिहून कोणाचं काही जाणार नव्हतं, ती लिहिली: संत वर्वराचं कुरण. त्याला ते खोटं वाटलंही नाही. "रानात" म्हणण्यासारखंच ते, फक्त जरा नीटनेटकं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या फलकावर कागद लागला. बहुतेक जागांपुढे लिहिलं होतं, खायला हरकत नाही, पण रोज नको. एकाच ओळीखाली लाल रेघ होती. संत वर्वराचं कुरण: पारा मर्यादेच्या कितीतरी पट. खाऊ नये. गरोदर बायकांनी आणि मुलांनी तर मुळीच नाही.

फेदोरने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग टोपी घालून घरी गेला आणि कोणालाही न सांगता लाकडं फोडत बसला. फळ्यावरची ती लाल रेघ त्याच्या भट्टीची होती, आणि ती त्याने आपल्या हाताने मावशीच्या दारात नेऊन ठेवली होती.

सोविंकाची माणसं वाईट नव्हती. मावशीला कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या फाटकावर माळा दिसू लागल्या. ज्याने त्याने मावशीकडून नुकतीच आलेली माळ हळूच परत आणून फाटकाच्या खुंटीला अडकवली आणि कुत्रं भुंकायच्या आत काढता पाय घेतला. खुंटी भरली तेव्हा लोक कुंपणाच्या फळ्यांवर लटकवू लागले.

मेलानियानेही, फेदोरच्या बायकोने, चुलीवरची माळ काढून कागदात गुंडाळली.

"कुठे निघालीस?" फेदोरने विचारलं, जरी त्याला दिसत होतं.

"मी काही बोलणार नाहीये तिला. नुसती टांगून येते. आपली लेक क्सेनिया येईल नाताळाला पोटात बाळ घेऊन, तिला काय पारा वाढू?" मेलानियाने डोक्याला रुमाल बांधला. "देवाची कृपा, आपली स्वतःची आहेत."

फेदोर कुऱ्हाडीचा दांडा घट्ट आहे की नाही ते बघत राहिला. ती गेली आणि आली.

रविवारी पारास्का मावशी चर्चला आली. काठी टेकत खांबाजवळच्या आपल्या जागेवर उभी राहिली. शेजारच्या बायकांनी तिला नमस्कार केला, जरा जास्तच गोड. फेदोरने सूर लावला: प्रभू, दया कर. आणि खालून हात आला नाही. लोक गात होते, पुरुष, बायका, सगळे; पण तो एक सूर नव्हता. फेदोरला वाटलं, तिला धाप लागली असेल. दुसऱ्या वेळी सुरुवात केली, तिसऱ्या वेळी. त्याने वळून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि ती समोर वेदीकडे बघत होती, रागाने नाही, दुःखानेही नाही. जसं एखादं माणूस दुसऱ्याच्या घरी, बोलावलं नसताना, भिंतीला टेकून उभं राहतं तसं. फेदोरने उपासना पुरी केली. कशी केली ते त्याला आठवलं नाही. बाहेर शेजारचा ओनुफेर म्हणाला, "आज गळा बसलाय का रे? म्हातारा बोकड जास्त बरा ओरडतो." फेदोरने त्याला उत्तर दिलं नाही, आणि ओनुफेर इतका चकित झाला की घरी जाऊन बायकोला म्हणाला, फेदोर आजारी आहे.

उपासाचा पहिला दिवस उजाडला. मेलानियाने दुपारी माचांका केली. त्यांच्याच ह्रीबांची, कपाटातल्या कापडी पिशवीतली. घरभर तो वास पसरला. त्या वासाने फेदोरला खांद्यावरचा बापाचा हात आठवायचा. तिने नेहमीप्रमाणे वाढलं. फेदोरने नेहमीप्रमाणे आपल्या ताटातले टोप्यांचे तुकडे वेचून तिच्या ताटात सरकवले. लग्न झाल्यापासूनची सवय. टोपी मऊ, चवदार. ती बायकोची, देठ आपला. आणि तेव्हाच त्याला सप्टेंबरातल्या सभेत मुलीने सहज सांगितलेलं आठवलं. देठापेक्षा टोपीत धातू जास्त साठतात, आणि धुतले, वाळवले, उकळले तरी जात नाहीत.

मेलानियाने चमचा उचलला.

"खाऊ नकोस," फेदोर म्हणाला.

"काय झालं? खारट झालंय?"

"ती लाल रेघ आपली आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. भट्टी, बाप, पिशवी, पेन. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा जागेचं नाव त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, आणि ते किती साधं नाव होतं याचंच त्याला नवल वाटलं. मेलानिया ऐकत होती. तिने चमचा खाली ठेवला, ताट उचललं, बाहेर गेली आणि माचांका राखेच्या खड्ड्यात ओतून आली.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "टोप्या माझ्या ताटात."

"मला काय माहीत होतं..."

"ते नाही म्हणत मी. तेव्हा तुला माहीत नव्हतं." ती टेबल पुसू लागली, स्वच्छ असलेलं टेबल. "पण आठवडा झाला तुला माहीत आहे. मी ती माळ घेऊन जाताना तू कुऱ्हाडीचा दांडा बघत होतास. आता इथे बसून माझी माफी मागू नकोस. आधी तिच्याकडे जा. मी दुसरी."

पारास्का मावशीच्या कुंपणावरच्या माळा तशाच होत्या, पावसाने भिजून जड झालेल्या. तिने त्या आत नेल्या नव्हत्या. फेदोर दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तूही आणलीस का?" मावशी आतून म्हणाली. "टांग तिकडे. तुझी बायको तर आधीच येऊन गेली. कुंपण भरलंय, आता सफरचंदाच्या झाडाला लटकवा."

"मावशी, मी सांगायला आलोय."

"बस मग. उभ्याने सांगितलेलं मला ऐकू येत नाही."

तो बसला आणि सांगितलं. ती बटाटे सोलत होती. त्याचं सांगून झालं तरी सोलत राहिली. एक पूर्ण बटाटा सोलला, दुसरा घेतला.

"भट्टीमागे," शेवटी ती म्हणाली. "म्हणजे तुझा बाप तिथे जायचा. आणि मी मेली आयुष्यभर समजत होते की तो दारू प्यायला जातो." तिला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. तिने सुरी ठेवली. "फेदोर, मला मूल नाही. नवरा गेला तो तरुणपणीच. या गावात माझं काय आहे? एक तो पाय आणि ती माळ. लोक ज्या दिवशी सगळ्यांत चांगलं जेवतात त्या दिवशी त्यांच्या ताटात मी असते. तू तिथे पारा लिहिलास."

फेदोरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुझी सेवा करीन मावशी. लाकडं आणून देईन, विहिरीचं..."

"लाकडं मला ओनुफेर आणून देतो. तू गातोस ना लोकांपुढे? जिथे उभा राहून गातोस तिथे उभा राहून सांग. आणि त्या पोरीला बोलाव. ती माझी एक माळ घेऊन जाऊ दे. मलाही कळायला हवं, मी लोकांना काय खाऊ घालतेय. तुझ्या सांगण्याने मी चांगली ठरणार नाही, ती मोजेल तेव्हा ठरेन."

पुढच्या रविवारी द्राहोमीरा पहाटेच्या गाडीने आली. उपासना संपली, शेवटचं आमेन झालं, पण फेदोर आपल्या जागेवरून हलला नाही. माणसं टोप्या घालू लागली होती, ती थांबली.

"बंधूंनो, बहिणींनो," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या जागेवरून तो कधी नुसता बोलला नव्हता. बोलण्यातही सूर लागतो की काय अशी त्याला भीती वाटली. "वर्वराच्या कुरणाची म्हणून जी पिशवी गेली ती माझी होती. त्यातली अळंबी जुन्या भट्टीमागची होती. पारास्का मावशीने काही दिलंच नव्हतं. तिची माळ कोणी मोजलेली नाही. मी माझी जागा लपवायला तिच्या जागेचं नाव लिहिलं, आणि कळल्यावरही गप्प बसलो. तुम्ही तिच्या दारात जे टांगलंत ते माझ्या दारात टांगायला हवं होतं."

द्राहोमीरा मागच्या रांगेत उठून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"एक पिशवी चुकीची निघाली तर ठीक आहे," ती म्हणाली. "ती मी काढून टाकीन. बाकीच्या बरोबर आहेत ना?"

ओनुफेर आपल्या बुटांकडे बघत होता.

"ओनुफेरकाका?" द्राहोमीराने विचारलं. "तुम्ही लिहिलंत, पुलाजवळची मळई."

"पुलाजवळ मळई आहे," ओनुफेर म्हणाला. "ते काही खोटं नाही."

"पण अळंबी?"

"अळंबी तिथे कधी उगवलीच नाहीत," ओनुफेरची बायको मागून म्हणाली, आणि चर्चमध्ये कोणीतरी हसलं. मग शिक्षिकाबाईंनी कबूल केलं की त्यांनी लिहिलेली टेकडी पलीकडच्या खोऱ्यात आहे. टपालवाल्याने म्हटलं, त्याने नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं होतं. एकेक करून माणसं बोलू लागली, आधी लाजत, मग जवळजवळ चढाओढीने. खुद्द फादर एमिलनी घसा साफ करून सांगितलं की त्यांनी "डोंगराच्या दक्षिणेला" लिहिलं होतं, आणि जागा नेमकी उत्तरेला होती. द्राहोमीरा बाकावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरलं. फेदोरला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, आणि थोडी रडतही होती, कारण तिची दोन महिन्यांची मेहनत या गावाने पाण्यात घातली होती.

"आता एकच उपाय," फादर म्हणाले. "ज्याने त्याने हिला आपल्या खऱ्या जागेवर नेऊन दाखवायचं. आणि हिने जे पाहिलं ते कोणाला सांगायचं नाही. मुली, पापांची कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यासारखी शपथ घेशील का?"

"घेते," द्राहोमीरा म्हणाली.

"माझ्या जागेसाठी शपथ नको," फेदोर म्हणाला. "ती सगळ्यांना कळू दे. चुकूनही कोणी तिथे जायला नको."

त्याच दुपारी ते भट्टीमागे गेले. वीसेक माणसं मागोमाग निघाली. पातळ बर्फ पडलं होतं. शेवाळ त्याखालून हिरवं दिसत होतं. फेदोरने प्रत्येक झाड दाखवलं, कुठे सप्टेंबरात येतात, कुठे पावसानंतर तिसऱ्या दिवशी. मुलीने माती भरून घेतली. लोक इकडेतिकडे बघत होते आणि कोणी टवाळी करत नव्हतं. ओनुफेर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"जागा झकास होती रे," तो हळूच म्हणाला, जसं कोणाच्या मयताला म्हणतात.

फेदोरने मान हलवली. त्याला वाटलं होतं आत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. फक्त हलकं आणि थोडं थंड वाटलं, जड कोट काढल्यावर वाटतं तसं.

डिसेंबरच्या मध्याला फादर एमिलच्या घरी फोन आला. तपासायला नेलेल्या मावशीच्या माळेत पारा होता, पण किरकोळ, या डोंगरात कुठेही असतो तेवढा. खुशाल खा, असं द्राहोमीराने सांगितलं, आणि क्सेनियानेही सणाला वाटीभर खाल्लं तर चालेल. फेदोर बातमी घेऊन धावतच मावशीकडे गेला. तिच्या स्वयंपाकघरात दोऱ्या ताणलेल्या होत्या. भिजलेल्या माळा फेकून तिने उरलेल्या अळंब्यांच्या नव्या ओवल्या होत्या, आधीपेक्षा आखूड, पण घराला एक.

"मला खात्री होती," ती म्हणाली, आणि रुमालाच्या टोकाने नाक पुसलं, म्हणजे तिला नव्हती. मग टोपलीकडे बोट दाखवलं. "घे. घरोघरी दे. माझा पाय दुखतोय."

फेदोर भर दुपारी टोपली काखेत घेऊन निघाला. प्रत्येक दारात त्याला थांबावं लागलं आणि प्रत्येक दारात काहीतरी ऐकावं लागलं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "ही कुठली? लिहून द्या." टपालवाला म्हणाला, टपाल वाटायचं काम आता तुम्हीच घ्या. ओनुफेरने माळ नाकाला लावून हुंगली आणि विचारलं, "वर्वराचीच ना? की तुझ्या मनाची?" पण माळ घेताना त्याने टोपी काढली. सगळ्यांनीच दोन्ही हातांनी घेतल्या. एकदोन बायकांना बोलता आलं नाही, त्या नुसत्याच आत वळल्या.

शेवटी टोपलीत एक माळ उरली. फेदोरने आपल्याच दारावर टकटक केली. मेलानियाने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, माळ घेतली आणि चुलीवरच्या खिळ्याला अडकवली. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मावशीला सांगशील का," ती म्हणाली, "की मी..."

"मी नाही सांगणार," फेदोर म्हणाला. "मला तिला जे सांगायचं होतं ते माझं सांगून झालं."

मेलानियाने रुमाल बांधला. ताज्या पावाचा अर्धा गोळा फडक्यात गुंडाळला आणि बाहेर पडली. फेदोरने भांड्यात कोमट पाणी घेतलं, माळेतले चार तुकडे मोडून भिजत घातले आणि खिडकीपाशी उभा राहिला. मेलानिया बर्फातून मावशीच्या घराकडे चढावर चालली होती. ओनुफेरच्या घराचं दार उघडलं आणि त्याची बायको बाहेर आली, तिच्याही हातात काहीतरी झाकलेलं होतं. दोघी क्षणभर थांबल्या, एकमेकींना काही बोलल्या नाहीत, आणि बरोबरच वर निघाल्या.